तात्यांचे लेहरे आणि दोन जीबीचं कार्ड

आदिलाबादहून लिहितोय.

इथं सगळे जुन्या वस्तूंच्या आठवणी लिहितात. कोणाकडचा तांब्याचा बंब, कोणाचा व्हॉल्व्हचा रेडिओ, कोणाच्या आजीचा पानाचा डबा. माझी वस्तू तेवढी जुनी नाही. एक मेमरी कार्ड आहे. काड्यापेटीपेक्षा जरा लहान, बिस्किटापेक्षा पातळ. पण त्याच्यासारखं दुसरं शोधताना आमच्या घरानं जी वणवण केली, ती कुठंतरी लिहून ठेवावी असं बरेच दिवस मनात होतं. पोस्ट लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आधी घराबद्दल सांगतो. "आदिलाबादला मराठी माणसं कशी?" असं पुण्याकडचे नातेवाईक अजून विचारतात. आमचं आजोळ किनवटचं. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले. आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिलं. २०१४ ला तेलंगणा झालं. आम्ही घर हलवलं नाही, पण पाकिटावरच्या पत्त्यातलं राज्य दोनदा बदललं. घरात मराठी, बाजारात तेलुगू, जुन्या हैदराबादी मंडळींशी दखनी. शनिवारी विठ्ठलाच्या देवळात भजन. असं आमचं चाललेलं असतं.

त्या भजनात पेटी वाजवायचे माझे वडील. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम होते, मीही पुढे हिशेबाच्याच कामाला लागलो. पण गावात त्यांची ओळख मुनीम म्हणून कमी आणि लेहरा धरणारे म्हणून जास्त.

लेहरा म्हणजे काय ते तबलेवाल्यांच्या घरी सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. एकटा तबला वाजत असतो तेव्हा पेटीवर किंवा सारंगीवर एक छोटी धून पुन्हा पुन्हा वाजवतात. तीनतालाची असेल तर सोळा मात्रांची, झपतालाची असेल तर दहा मात्रांची. शेवटची मात्रा संपली की ती बरोबर समेवर येते आणि परत सुरू होते. तबलजी कायदा वाजवो, रेला वाजवो, चक्रदार वाजवो, धून जागची हलत नाही. तबलजी कुठंही फिरून आला तरी घर त्याला जागेवर सापडलं पाहिजे. लेहरा धरणाऱ्याला टाळ्या नसतात. तो चुकला तर मात्र सगळ्यांना कळतं. तात्यांनी हे काम जवळजवळ चाळीस वर्षं केलं. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर, कुठूनही तबलजी आला की निरोप यायचा, "तात्यांना बसवा पेटीवर."

२००९ च्या दिवाळीत माझा भाचा अमेरिकेतून आला. तो तिकडं हौसेनं गिटार वाजवतो. येताना डिजिटेक कंपनीचं जॅममॅन नावाचं एक यंत्र घेऊन आला होता. लोखंडी डब्यासारखं, वर पायानं दाबायच्या पट्ट्या. एकदा दाबलं की आवाज भरायला लागतो. दुसऱ्यांदा दाबलं की भरलेला तुकडा तिथून पुढं गोल फिरत राहतो. याला लूपर म्हणतात. गिटारवाले त्यात एक ओळ भरतात आणि तिच्यावर दुसरं काहीतरी वाजवत बसतात. तात्यांनी पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "हाव, म्हणजे हा लेहराच झाला की रे. फक्त याला चहा लागत नाही."

मग काय, भाच्याला कामच मिळालं. चार दिवस ओसरीवर पेटीसमोर माइक ठेवून लेहरे भरणं चाललं होतं. दिसतं तेवढं ते सोपं नाही. पाय बरोबर समेवर पडला पाहिजे. एक दशांश सेकंद उशीर झाला तर तेवढी फट त्या तुकड्यात कायमची राहते आणि प्रत्येक आवर्तनाला उचकी लागल्यासारखी येते. दहा आवर्तनांत तबलजीचं डोकं फिरतं. भाच्याचा पाय चुकायचा, तात्या पुन्हा वाजवायचे. शेवटी तात्यांनीच चप्पल काढून पाय पट्टीवर ठेवला. उजवा हात पेटीवर, डावा भात्यावर आणि पाय यंत्रावर. त्यानंतर एकही सम हुकली नाही.

असे सत्तावीस लेहरे भरले. तीनतालाचे अकरा, झपतालाचे पाच, रूपक आणि एकतालाचे चार-चार, आणि तीन अशा तालांचे, जे आमच्याकडं कोणी मागत नाही पण तात्यांना येतात. सगळे काळी एकमध्ये, कारण घरचा तबला काळी एकचा. यंत्रासोबत आलेलं कार्ड १२८ एमबीचं होतं. त्यात चोवीस मिनिटांचा आवाज मावायचा. आमचं सगळं मिळून बावीस मिनिटांत बसलं. भाचा जाताना यंत्र इथंच ठेवून गेला. अडॉप्टर अमेरिकेचा, १२० व्होल्टचा. आपल्याकडं २३०. म्हणून हैदराबादहून एक स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणला. तो यंत्राहून जड.

पुढं दोन गोष्टी झाल्या. २०१५ पासून तात्यांच्या उजव्या हाताला कंप सुटायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. चहाचा कप बशीत वाजायला लागला, मग सही बदलली, मग पेटी बंद झाली. पुढच्या वर्षी माझी मुलगी तबला शिकायला लागली, आठ वर्षांची असताना. आबांच्या पेटीवर तबला वाजवायचा तिचा हट्ट होता आणि आबांचा हात तर चालत नव्हता. तेव्हा ते यंत्र कपाटातून बाहेर आलं. रोज सकाळी सहाला २००९ सालचा तात्यांचा हात लेहरा धरायचा आणि खुर्चीत बसलेले तात्या नातीला तोंडी दुरुस्त्या सांगायचे. यंत्राची एक सोय फार कामाची होती. लय कमी-जास्त केली तरी सूर बदलत नाही. त्यामुळं एकच लेहरा ती आधी संथ लावायची, मग हळूहळू चढवायची.

सहा वर्षं हे असं चाललं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये, नागपंचमी होऊन चार दिवस झाले असतील, एका सकाळी यंत्र कार्ड ओळखेना. काढून परत घातलं, तरी नाही. कार्ड रीडरनं लॅपटॉपला जोडलं तर लॅपटॉपनं विचारलं, कार्ड फॉरमॅट करू का? मुलीनं 'नाही' दाबलं आणि कार्ड काढून देवाजवळ ठेवून दिलं. भाच्यानं या लेहऱ्यांची प्रत आमच्या घरच्या संगणकावर ठेवली होती, पण तो संगणक वीज पडली त्या पावसाळ्यात जळाला होता. भाच्याचा तेव्हाचा लॅपटॉपही कधीच भंगारात गेला होता. म्हणजे तात्यांचा धड हात जगात एकाच ठिकाणी होता, त्या १२८ एमबीमध्ये. आणि मुलीची गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा प्रथमची परीक्षा डिसेंबरात होती.

तुमच्यातले काहीजण म्हणतील, मोबाईलवर लेहऱ्याची ॲपं मिळतात की. मिळतात आणि चांगलीही असतात. आम्ही लावून बघितलं. मुलगी दोन दिवस वाजवली आणि म्हणाली, "बाबा, हा लेहरा श्वासच घेत नाही." तात्या भाता जिथं भरायचे तिथं सुराला अगदी बारीक उभार यायचा. तिला सम तिथून कळायची. सवय म्हणा, पण सहा वर्षांची सवय होती.

आता कामं दोन झाली. यंत्राला चालेल असं दुसरं कार्ड शोधायचं आणि जुन्या कार्डातून निघेल तेवढं काढायचं.

पहिला फेरा आमच्याच गावातल्या मोबाईलच्या दुकानात. पोरानं ६४ जीबीचं नखाएवढं कार्ड पुढं केलं. मी माझं कार्ड दाखवलं तर म्हणतो, "सार, ये हार्ड डिस्क है क्या?" त्याचा दोष नाही. हे कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड. सॅनडिस्कनं १९९४ साली आणलं. कडेला पन्नास भोकं असतात आणि यंत्रातल्या पन्नास पिना त्यात बसतात. आपण मोबाईल-कॅमेऱ्यात बघतो ते एसडी कार्ड १९९९ चं, वेगळ्या घराण्यातलं. एकाचं तोंड दुसऱ्याला लागत नाही. आणि कॉम्पॅक्ट फ्लॅश कधीही तिरकं दाबू नये. आतली एक पिन वाकली की यंत्रच बसतं.

दुसरा फेरा ऑनलाइन. नवं कोरं ३२ जीबीचं कॉम्पॅक्ट फ्लॅश मागवलं. बसलं अगदी छान, पण यंत्राला ते दिसेना. मग कोणीतरी सुचवलं की एसडी कार्ड आत ठेवून कॉम्पॅक्ट फ्लॅशसारखं वापरायचा एक साचा मिळतो. तोही आणला. काही यंत्रांना तो चालतो, आमच्याला चालला नाही. तिसऱ्यांदा "२ जीबी" लिहिलेलं एक कार्ड आलं. ते यंत्रानं ओळखलं. घरात आनंदीआनंद, हिनं शिरा केला. मुलीनं दोन तुकडे भरले, तिसरा भरताना सगळं बंद पडलं. तपासलं तर कार्डावर छापलेली जागा आत नव्हतीच. विकणाऱ्यानं पैसे परत केले, पण सप्टेंबर गेला.

मग मी रात्रीची कृष्णा एक्सप्रेस धरून सिकंदराबादला गेलो. चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये संगणकाच्या सामानाची दुकानंच दुकानं. दहा-बारा दुकानांत नकार मिळाला. एका दुकानात एक वयस्कर गृहस्थ बसले होते. त्यांनी कार्ड हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाले, "नवा मत ढूंडो साब, पुराना ढूंडो. शादी के फोटोवालों के पास पडे रहते."

हे डोक्यात यायला हवं तर तीनशे किलोमीटर जावं लागलं! आमच्या गल्लीच्या तोंडाशीच फोटो स्टुडिओ आहे. अर्ध्या आदिलाबादची लग्नं त्यांनी काढलीत. परत येऊन तिथं गेलो. त्यांनी खालचा ड्रॉवर ओढला तर त्यात रबर लावलेली कॉम्पॅक्ट फ्लॅशची गड्डी. कॅनन ४०डी होता तेव्हाची, म्हणाले. ५१२ एमबी, १ जीबी, २ जीबी, ४ जीबी, ८ जीबी, सगळी भावंडं. यंत्र मी पिशवीतून नेलंच होतं, ट्रान्सफॉर्मरसकट. एकेक घालून बघितलं. चार आणि आठ जीबीची चालली नाहीत. एक जीबीचं घातलं, यंत्रालाच ते फॉरमॅट करू दिलं आणि दोन मिनिटांत काम झालं.

मोठं कार्ड का चालत नाही, हे मी नंतर समजून घेतलं. मुनीमाच्या भाषेत सांगतो. कार्डावर माल कुठं ठेवलाय याची एक खतावणी असते. त्या काळच्या पुष्कळ यंत्रांत जी खतावणी चालायची, तिला फॅट१६ म्हणतात. तिच्यात जास्तीत जास्त पासष्ट हजारांच्या आसपास ओळी. एका ओळीत फार तर ३२ केबीचं कोठार लिहिता येतं. गुणाकार करा, दोन जीबी येतात. त्याच्यापुढचं कोठार कितीही मोठं बांधा, खतावणीत ते लिहायला जागा नाही. आमच्या यंत्राच्या माहितीपुस्तकातही दोन जीबीपर्यंतच लिहिलेलं आहे. एसडी कार्डांतही अशाच पायऱ्या आहेत. साधं एसडी दोन जीबीपर्यंत, एसडीएचसी बत्तीसपर्यंत आणि त्याच्यावरचं एसडीएक्ससी. ज्या यंत्रावर एसडीएचसी लिहिलंय, त्यात ६४ जीबीचं कार्ड चालेलच असं नाही.

आणि मोठं हवंय तरी कशाला? सीडीच्या दर्जाचा एका कानाचा आवाज मिनिटाला साधारण पाच एमबी खातो. एक जीबीत तीन तासांहून जास्त लेहरा बसतो. तेवढा लेहरा सलग ऐकणारा माणूस आदिलाबादेत तरी नाही.

कार्डाचे पैसे स्टुडिओवाले घेईनात. "ड्रॉवरमध्ये पडून काय उपयोग, सार" म्हणाले. उलट त्यांनी विचारलं, जुन्या कार्डाचं काय करणार? त्यांचा मुलगा हे काम करतो. लग्नाचे फोटो गेले म्हणून रडत येणारी माणसं त्यांच्याकडं नेहमीची. मी देवाजवळचं कार्ड आणून दिलं. पोरगं म्हणालं, "एम् कादु सार." म्हणजे काही होत नाही, काळजी करू नका.

त्यानं काय केलं ते सांगतो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. आधी त्यानं भोकं स्वच्छ केली. मग कार्डाची जशीच्या तशी पूर्ण प्रत संगणकावर घेतली, जिथं वाचता येत नव्हतं तिथं मोकळी जागा सोडून. मूळ कार्ड बाजूला ठेवलं आणि पुढचं सगळं काम त्या प्रतीवर. फोटोरेक नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. ते खतावणीकडं बघतच नाही, थेट कोठारात शिरून प्रत्येक फाईलच्या सुरुवातीची खूण शोधत जातं. नाव फोटोचं असलं तरी आवाजाच्या फायलीही काढतं. तीन दिवसांनी त्यानं पेनड्राइव्ह दिला. एकतीस फायली.

पण खतावणी गेलेली, त्यामुळं नावं आणि क्रमांक नव्हते. नुसते आकडे. कुठला लेहरा कुठल्या तालाचा, हे सांगणार कोण? रविवारी सकाळी तात्यांना ओसरीवर बसवलं. मुलगी वही घेऊन खाली बसली. मी एकेक फाईल लावत गेलो. तात्यांना तीन सूर पुरायचे. "चंद्रकंस, तीनताल. लिही." "कीरवाणी, झपताल." "थांब, हा जोगमधला, हा मी नांदेडला शिकलो होतो." तासाभरात तेवीस लेहरे ओळखून झाले. अगदी धड, पहिल्या सुरापासून शेवटच्या समेपर्यंत. चार गेले होते.

मग उरलेल्या आठ फायली? त्या लावल्या आणि तात्या जरा सरसावून बसले. ती होती पुसून टाकलेली वाजवणी. भरली, आवडली नाही म्हणून पुसली आणि पुन्हा भरली. यंत्रातून पुसलं तरी कार्डात ते कुठंतरी पडून होतं, सॉफ्टवेअरनं तेही उकरून काढलं. एकात भाच्याचा पाय चुकलेला. एकात कुकरची शिट्टी. पण पाचांमध्ये तात्यांचं बोट घसरलेलं. नीट ऐकलं तर कळत होतं, करंगळीकडचा सूर दोनदा लागायचा. थरथरल्यासारखा.

मी फाईल बंद करायला गेलो. तात्या म्हणाले, "काहून बंद करतो? लाव परत." परत ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे नऊ सालीच सुरू झालं होतं हे. मला वाटायचं थंडीनं होतंय." माझ्या तोंडून शब्द फुटेना. डॉक्टरांकडं आम्ही गेलो त्याच्या सहा वर्षं आधीची ती ओसरी होती. मुलगी म्हणाली, "पण आबा, बाकीचे तर किती पक्के आहेत!" तात्या हसले. "पक्के होते तेवढे ठेवले, बाई. कच्चे पुसले. तू काय समजत होतीस, मी एका दमात सत्तावीस वाजवले?"

तिचा चेहरा मला अजून आठवतो. सहा वर्षं ती त्या यंत्राशी स्वतःला ताडून बघत होती. आबा कधीच चुकत नाहीत आणि मी रोज चुकते, यावरून किती वेळा रडली होती. त्या दिवशी तिनं ते आठही तुकडे वहीत लिहून घेतले. समोर लिहिलं, 'आबांचे कच्चे'. ते आम्ही पुसलेले नाहीत.

गेलेल्या चार लेहऱ्यांची यादी केली. तीनतालाचे दोन, एकतालाचा एक, रूपकाचा एक. तात्यांना चारही तोंडपाठ. वाजवणार कोण? मुलीला पेटी जेमतेम येत होती, शाळेच्या प्रार्थनेपुरती. तात्या सूर सांगायचे, ती बोटं बसवायची. दिवाळीची सगळी सुट्टी त्यातच गेली. रूपकानं फार छळलं. सात मात्रांचा ताल, आणि त्याची सम खालीवर येते. जोर द्यायची सवय असलेला माणूस तिथं हमखास अडखळतो. तात्या ओरडायचे, "सम गिळू नको! तिथं नुसती ये." अकराव्या वेळी जमला. तोच यंत्रात ठेवला. आता यंत्रात एक ते तेवीस तात्या आहेत आणि चोवीस ते सत्तावीस ती आहे. तिचे चार जरा घाईत आहेत, हे तिलाही कळतं. बदलायचे का म्हणून मी विचारलं होतं. म्हणाली, सध्या राहू देत.

आता कामाच्या चार गोष्टी, कारण हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच घरांत असं काहीतरी नक्की असणार. लूपर असेल, जुना डिजिटल कॅमेरा असेल, मुलाच्या ऑर्केस्ट्रातलं पॅड असेल. कार्ड घेताना आधी तोंड बघा, मग माहितीपुस्तकात लिहिलेली कमाल मर्यादा बघा, आणि त्याहून मोठं घेऊ नका. कार्ड फॉरमॅट करायचं ते त्या यंत्रातच करा. नवं कार्ड आलं की ते काठोकाठ भरून, परत वाचून तपासा, मगच त्याच्यावर भिस्त ठेवा. कार्ड बिघडलं आणि संगणकानं फॉरमॅट करू का विचारलं तर नाही म्हणा, आणि त्यावर काहीही नवं न भरता जाणकाराकडं द्या. आमच्या लेहऱ्यांच्या आता चार प्रती आहेत. एक यंत्रात, एक माझ्या संगणकावर, एक भाच्याकडं अमेरिकेत आणि एक स्टुडिओवाल्यांच्या पोरानं स्वतःहून ठेवून घेतलीय. तो तेलुगू मुलगा, त्याला तबल्यातलं काही कळत नाही. पण फोटो एडिट करताना तो चंद्रकंस लावून बसतो.

परीक्षा डिसेंबरात नांदेडला झाली. तिथं यंत्र नेलंच नाही. लेहरा धरायला केंद्रावरचे एक पेटीवाले काका होते. त्यांनी मुलीला विचारलं, "रूपकाला कुठला लेहरा देऊ, बेटा?" तिनं सांगितलं, "मी म्हणून दाखवते," आणि तात्यांचा लेहरा गुणगुणली. काकांनी दोनदा ऐकला, तिसऱ्यांदा पेटीवर धरला. मी दाराबाहेर उभा होतो. दुसऱ्याचा हात, दुसरी पेटी, सूर मात्र आमच्या ओसरीवरचे. मुलगी पहिल्या श्रेणीत पास झाली. निघताना काका म्हणाले, "हा लेहरा मी ठेवून घेतो हं, चालेल ना?" घरी आल्यावर तात्यांना सांगितलं. त्यांना निकालापेक्षा त्याचाच आनंद जास्त झाला. दोन वेळा विचारलं, "नक्की ठेवून घेतो म्हणाला?"

तात्या आता शहाऐंशीचे आहेत. बोलणं कमी झालंय, पण सकाळी सहाचं ऐकणं चुकत नाही.

शेवटी एक विनंती. तुमच्या ड्रॉवरमध्ये, जुन्या कॅमेऱ्याच्या पिशवीत दोन जीबी किंवा त्याहून लहान कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डं पडली असतील तर भंगारात देऊ नका. तुमच्या गावात कोणाला तरी त्याची गरज असते. आणि आधी त्यात काय आहे ते एकदा उघडून बघा. सापडलं काही, तर खाली लिहा. वाट बघतोय.